विलायती अळू

मधुमती खांबेटे यांच्या घरात त्यांचे यजमान गिरीशराव वारल्यानंतरही राहत होते. मधुमतीबाईंना त्याची काही अडचण नव्हती. अडचण होती ती त्यांच्या लेकीला, वरदाला. आणि तिचं तरी काय चुकलं? दर शनिवारी बर्मिंगहॅमहून गाडी हाकत यायचं, आणि घरात माणसं दोन असताना आईने टेबलावर चहाचे कप तीन मांडायचे, हे कुणाला बघवेल?

कॉव्हेंट्रीतलं ते घर साधंच. एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या घरांची ओळ, त्यातलं एक. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, मागे लांबट बाग आणि बागेच्या टोकाला गिरीशरावांची शेड. गिरीशराव मोटारींच्या कारखान्यात टूलमेकर होते. कारखाना बंद पडला तसा त्यांनी शेडमध्येच संसार थाटला. गल्लीतल्या सगळ्यांचे लॉनमोवर दुरुस्तीला तिथे यायचे, आणि चहाला जरा उशीर झाला की शेडमधून खोकला ऐकू यायचा. तो काही सर्दीचा खोकला नव्हे. बायकोवरचा राग घसा साफ करून बाहेर काढायची त्यांची ती रीत होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मधुमतीबाईंनी त्या खोकल्याचे सगळे अर्थ पाठ केले होते.

आणि तोच खोकला आता वर्षभर वरच्या मजल्यावरून येत होता. सकाळी भांडी विसळताना यायचा. दुपारी डोळा लागता लागता यायचा. वरदा म्हणायची, "आई, पाइप्स आहेत ते. हीटिंग जुना झालाय. प्लंबरला बोलाव." तिचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठीत लिंगांचा घोळ कायमचा, पण आईशी बोलायची मात्र हट्टाने मराठीतच. मधुमतीबाई काही प्लंबर बोलवायच्या नाहीत. आपला नवरा खोकतोय म्हणून कुणी प्लंबरला बोलावतं का?

नुसता खोकला असता तर बाई सुखाने राहिल्या असत्या. पण गिरीशराव दिसायचेही. जिन्याच्या वळणावर, शेडच्या खिडकीत, कधी बागेतल्या सफरचंदाच्या झाडाखाली. आणि दिसायची ती फक्त पाठ. तपकिरी स्वेटरमधली, जराशी वाकलेली पाठ. "अहो," म्हणून हाक मारली तरी ती हलायची नाही. जवळ जावं तर तिथे टांगलेला कोट असायचा, किंवा काहीच नसायचं. अंगावर सरसरून काटा यायचा. पण भीतीपेक्षा वाईट वाटायचं जास्त. हा माणूस मेला तरी आपल्याकडे तोंड फिरवायला तयार नाही!

का तयार नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिरीशराव हॉस्पिटलात होते तेव्हा मधुमतीबाई रोज बस बदलून जायच्या, डब्यातून मऊ भात न्यायच्या, आणि गिरीशराव घासभर खाऊन डबा बाजूला सारायचे. एक दिवस म्हणाले, "अळूवडी कर." आता अळूवडी म्हणजे काय वरणभात आहे? पानं आणा, देठ काढा, शिरा लाटा, पीठ फासा, वळकट्या करा, वाफवा, कापा, तळा. बाईंचे पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं. त्या फाडकन म्हणाल्या, "इथे माझा जीव मेटाकुटीला आलाय आणि तुम्हाला अळूवडी सुचतेय. मिळतंय ते गिळा मुकाट्याने." गिरीशरावांनी भिंतीकडे तोंड केलं. बस चुकेल म्हणून मधुमतीबाई डबा आवरून निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉस्पिटलचा फोन आला.

गिळा मुकाट्याने. एवढ्या वर्षांच्या संसारातलं शेवटचं बोलणं हे. माणूस दमला की बोलून जातो, कुणीही जातो. पण बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ते सावरून घ्यायची संधी मिळते. मधुमतीबाईंना ती मिळाली नाही.

त्यात दहाव्याचा घोटाळा झाला. इकडे माणूस गेला म्हणून लगेच नेता येत नाही. डॉक्टरांचे सोपस्कार व्हावे लागतात, क्रेमेटोरियमची तारीख मिळावी लागते. दहाव्याच्या दिवशी गिरीशराव अजून हॉस्पिटलच्या थंड पेटीतच होते. मग पिंड कसला आणि कावळा कसला! पुढे रीतसर अंत्यविधी झाला, माणसं येऊन गेली, वरदाने राख नदीत सोडली, पण कावळा काही शिवला नाही. मधुमतीबाईंचं माहेर चिपळूणजवळचं. ज्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही त्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि यांचा जीव कशात अडकलाय, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

वरदाने आईसाठी आपल्या घराला एक खोली वाढवून घेतली होती. खिडकीत कुंड्यासुद्धा ठेवल्या होत्या. दर शनिवारी विचारायची, "आई, चल ना आता." मधुमतीबाई टाळायच्या. यांना इथे एकटं टाकून कसं जायचं? शेवटी एकदा वरदा रडकुंडीला आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्षश्राद्ध होऊ दे. पानाला कावळा शिवला की घर विक, मी तुझ्याकडे येते. नाही शिवला तर पुन्हा मला विचारायचं नाही."

"डील," वरदा म्हणाली. तिला वाटलं, कावळाच तो, भात ठेवला की येणारच.

वर्षश्राद्ध आलं चैत्रात, म्हणजे इकडे एप्रिलात. मधुमतीबाईंनी आठवडाभर आधीपासून कंबर कसली. बाकी स्वयंपाक काहीही होवो, अळूवडी झालीच पाहिजे. फोलशिल रोडवरच्या दुकानांत अळूची पानं मिळतात. पण नेमका त्याच आठवड्यात दुकानदार म्हणाला, "मासी, फ्रेश पानं नाही आली. फ्लाइटचा माल अडकलाय. फ्रोझन घेऊन जा ना." फ्रोझन म्हणजे तयार वळकट्या, गोडमिट्ट. गिरीशराव त्या वड्यांना नावं ठेवायचे. नवरा जिवंत असताना जे पानात वाढलं नाही, ते तो गेल्यावर वाढायचं? बाई तशाच पुढच्या दुकानात गेल्या, तिथून त्याच्या पुढच्या. अळू कुठेच नव्हतं.

परतताना बसमधून उतरून त्या टाइल हिलच्या रानातून चालत निघाल्या. ही वाट गिरीशरावांची. दर वसंतात ते बायकोला घेऊन तिथे फिरायला यायचे आणि एका ठरावीक जागी थांबून काठीने जमिनीवर टकटक करायचे. "अगं, हे बघ. विलायती अळू!" ओकच्या झाडांखाली, ओलसर सावलीत, बाणाच्या टोकासारखी हिरवीगार पानं दाटीने वर आलेली असायची, काहींवर काळे ठिपके. "एकदा करून तरी बघ याच्या वड्या," ते म्हणायचे. मधुमतीबाई म्हणायच्या, "रानातलं काही तोडू नये, चला."

त्या दिवशी रानात चिटपाखरू नव्हतं. झाडांना पालवी फुटत होती, तिच्यातून पातळ ऊन खाली येत होतं. मधुमतीबाई रिकामी पिशवी घेऊन, मनातल्या मनात दुकानदाराला बोल लावत चालल्या होत्या, आणि पुढच्या वळणापलीकडे टकटक ऐकू आली.

त्या थांबल्या. टकटकही थांबली. त्या चालू लागल्या तशी ती पुन्हा सुरू झाली, जरा पुढे. सुतारपक्षी असेल, असं कुणीही म्हणेल. मधुमतीबाईंनीही स्वतःला तसं सांगितलं आणि वाट सोडून त्या आवाजामागे झाडांत शिरल्या. दोन बुंध्यांच्या मधे तपकिरी रंगाचं काहीतरी होतं, पाठमोरं. "अहो, थांबा ना," त्या म्हणाल्या. चपलांत चिखल गेला, साडीवर घातलेला कोट काटेरी झुडपात अडकला. तो सोडवून वर पाहिलं तर समोर कुणी नव्हतं. पायाशी मात्र ती पानं होती, बघावं तिथवर.

मधुमतीबाईंना भरून आलं. वर्षभरात नवऱ्याने पहिल्यांदा त्यांना काही सांगितलं होतं. त्या खाली बसल्या आणि पिशवी भरू लागल्या.

घरी येऊन त्यांनी पानं नीट पाहिली, कारण बाई भाबड्या होत्या तरी स्वयंपाकात कच्च्या नव्हत्या. पान लहान, पण घडण तीच. चिपळूणला मोरीच्या पाण्यावर वाढायचं तसंच पोसलेलं. अळू खाजरं आहे का, ते बघायची त्यांच्या आईची रीत होती: देठ मोडून मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचा. त्यांनी घासला. थोड्या वेळाने मनगट चांगलंच चुरचुरायला लागलं. इथली एखादी बाई असती तर तिने तिथल्या तिथे सगळी पिशवी कचऱ्यात टाकली असती. मधुमतीबाईंची उलट खात्रीच पटली. खाज सुटली म्हणजे हे अळूच, फक्त जातीचं खाजरं. त्यांनी चिंच दुप्पट भिजत घातली.

धुताना मात्र हात थबकला. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, मोत्यांसारखं गोळा होऊन घरंगळतं. हे पान भिजलं. पाणी त्याच्यावर पसरलं आणि तिथेच राहिलं. मधुमतीबाई ते ओलं पान हातात धरून नळाशी जरा वेळ उभ्या राहिल्या. वरून खोकला आला. "करतेय हो, करतेय," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान घेतलं. इथलं पाणीच जड, त्याला पान तरी काय करणार!

वड्या करता करता हातांची आग आग झाली. बोटं लाल झाली, सांध्यांवर बारीक पुरळ उठलं. त्यांनी खोबरेल तेल चोळलं आणि काम उरकलं. एरवी त्यांनी तळल्यावर वडीचा तुकडा जिभेवर ठेवून पाहिला असता. पण श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. आधी पान पितरांचं, मग माणसांचं.

वरदा सकाळीच आली होती, सोबत आपल्या सात वर्षांच्या लेकीला, तनूला घेऊन. पुण्याचे गुरुजी टॅब्लेटवर मंत्र सांगत होते आणि वरदा अडखळत का होईना, सगळं मन लावून करत होती. विधी आटोपले. मधुमतीबाईंनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर भात, वरण, खीर, वडे आणि सगळ्यांत वर अळूवडी वाढली, आणि वरदाने ते शेडच्या छपरावर ठेवलं. कुंपणापलीकडून शेजारची मॉरीन बघत होती. ऐंशीच्या घरातली बाई, गिरीशरावांचं जुनं गिऱ्हाईक. आठवड्यातून एकदा गावाबाहेरच्या एका जुन्या हवेलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना इतिहास सांगायला जायची. आज काय आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती नुसता हात करून गप्प राहिली.

आधी एक कबूतर आलं, त्याला मधुमतीबाईंनी हाकललं. मग मॅगपाय आला, त्यालाही. मग खरोखरच कावळा आला. इथला कावळा मोठा, मानेसकट सगळा काळाकुट्ट. तो छपरावर उतरला, पानाभोवती डौलात फिरला. मधुमतीबाईंनी हात जोडले. कावळ्याने चोच पुढे केली, वरची अळूवडी उचलली, आणि टाकली. भाताकडे ढुंकूनही न बघता तो उडून गेला.

"इट्स ओके, आई. तो परत येतो," वरदा म्हणाली.

तो परत आला नाही. मधुमतीबाई थंडीत उभ्या राहिल्या. गेलेल्या माणसाला वचनं द्यायची असतात, ती त्यांनी द्यायला सुरुवात केली. "वरदाला मी अंतर देणार नाही. तनूला मराठी वाचायला शिकवीन." काही नाही. वरदालाही पुढे केलं. ती लाजत म्हणाली, "बाबा, मी आईला सांभाळते. तुम्ही काळजी नका करू." काही नाही. शेवटी मधुमतीबाई म्हणाल्या, "बरं, मी हे घर सोडत नाही. मग तर झालं?" वरदाने चमकून आईकडे पाहिलं. छप्पर रिकामंच राहिलं.

भुकेने कळवळलेली तनू एव्हाना स्वयंपाकघरात शिरली होती. मधुमतीबाई आत आल्या तेव्हा तिचा हात वड्यांच्या ताटापर्यंत गेला होता. त्यांनी त्या हातावर चट्‌दिशी चापट मारली. आयुष्यात नातीवर हात उचलला नव्हता त्यांनी. "आधी कावळा," त्या ओरडल्या. तनू रडत आईकडे पळाली. वरदा तिला कुशीत घेऊन म्हणाली, "इनफ, आई. ती भुकेली आहे. आपण जेवू या आता."

"तुम्ही भात खा, खीर खा. या वड्यांना कुणी हात लावायचा नाही. त्यांनी नाकारल्यात, त्या माझ्या मी खाते."

आणि ओट्याशी उभ्या राहून, बागेकडे तोंड करून त्यांनी वडी खाल्ली. शेडच्या खिडकीत ती पाठ होती. तपकिरी, वाकलेली. दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली. वरदा तनूचं ताट वाढत होती. तिने आईकडे पाहिलं तेव्हा मधुमतीबाईंच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ओठ ओळखू न येण्याइतके सुजले होते.

पुढचं सगळं वरदाने केलं, आणि मॉरीनने. मॉरीन कुंपणाच्या फटीतून धावत आली, टोपलीतली उरलेली पानं तिने पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. अँब्युलन्सच्या माणसांना तिने पानाचं नाव सांगितलं. मधुमतीबाईंना ते सगळं लांबून ऐकू येत होतं. जीभ तोंडात मावत नव्हती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्या वर जिन्याच्या वळणाकडे बघत होत्या, आणि तिथे कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. नाकातली नळी निघाली, गार दूध थोडं थोडं घशाखाली जायला लागलं, पण बोलायची अजून मनाई होती. सकाळी मॉरीन भेटायला आली. खुर्ची ओढून बसली, मधुमतीबाईंचे पट्ट्या बांधलेले हात आपल्या हातांत घेतले.

"मधु, लव्ह, त्याला लॉर्ड्स-अँड-लेडीज म्हणतात," ती म्हणाली. "कुणी कुकू-पिंट म्हणतं. माझी आजी ते घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. पानं जाऊन मागाहून लाल मण्यांसारखी फळं येतात, त्यांना हात लावला म्हणून मी लहानपणी मार खाल्लाय. डॉक्टर म्हणाला, तनूएवढ्या मुलीने खाल्लं असतं तर तिचा घसा बंद झाला असता."

मधुमतीबाईंनी डोळे मिटून घेतले. आपण चापट मारलेला तो हात त्यांना आठवला. कावळा शिवला असता तर? त्याच ताटातल्या वड्या त्यांनी स्वतः तनूच्या हातात दिल्या असत्या.

मॉरीनला वाटलं, बाईला त्रास होतोय, म्हणून ती विषय बदलायला गेली आणि तिथेच राहिली, कारण हवेलीतली माहिती सांगायची तिला सवय. "नाव छान आहे ना? जुन्या काळी वापरायचे हं ते. खायला नाही. हवेलीत चित्रं आहेत बघ, गळ्याभोवती चुणीदार मोठ्या पांढऱ्या कॉलरी घातलेल्या माणसांची. त्या कॉलरी ताठ राहायला खळ लागायची, ती याच्याच कंदाची काढायचे. एकदम पांढरी शुभ्र व्हायची. पण खळ करणाऱ्या बायकांच्या हातांची दशा व्हायची. फोड, भेगा, सालटी निघायची."

मधुमतीबाईंनी मान वर केली. हाताची मूठ उघडून त्यांनी विचारल्यासारखं केलं. मग?

"मग काय," मॉरीन म्हणाली. "कळत होतं की हे हात जाळतंय. पण पोटासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घमेल्यात हात घालायच्या."

मॉरीन गेली. मधुमतीबाई कितीतरी वेळ आपल्या पट्ट्यांकडे बघत पडून राहिल्या. जवळ त्या खळ काढणाऱ्या बायकाच बसल्या आहेत असं त्यांना वाटत होतं, ओल्या हातांच्या, न बोलणाऱ्या. कळत असून हात घालायच्या. त्या बायकांना निदान पोट होतं. आपल्याला काय होतं? विचार नको म्हणून त्यांनी कूस बदलली, तर पुढ्यात भिंत आली. त्या घाईघाईने पुन्हा उताण्या झाल्या.

दुपारी वरदा आली. कालचेच कपडे अंगावर, केस नुसते बांधलेले. खुर्चीवर न बसता ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"आई, तुला बोलता येतंय?"

"थोडं."

"डॉक्टरने मला विचारलं, तू ते मुद्दाम खाल्लंस का. ऑन पर्पज. मी म्हटलं नो, नेव्हर, शी थॉट इट वॉज फूड. आता एक बाई येणार आहे तुझ्याशी बोलायला, मेंटल हेल्थवाली. तिला काय सांगायचं ते तू सांगशील. पण आधी मला सांग. मला रात्रभर झोप नाही आला." तिचा आवाज चिरकला. "तू लहानपणापासून अळू ओळखतेस, आई."

उत्तर अगदी हाताशी होतं. अळू समजून खाल्लं, चूक झाली. त्यात खोटं असं काही नव्हतं. वरदानेही ते झटकन उचललं असतं, मेंटल हेल्थवालीनेही. मधुमतीबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना ते बोलवेना.

"पहिली वडी अळू समजून खाल्ली," त्या सावकाश म्हणाल्या. "दुसरी नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या घासालाच कळलं. तोंडात सुया टोचल्यासारखं झालं. हे आपलं नव्हे, हे कळलं. तरी दुसरी खाल्ली. तिसरीही खाल्ली." त्यांनी गार दुधाचा एक घोट घेतला. "ते शेडमध्ये उभे होते. मला वाटलं, मी हे मुकाट्याने गिळलं तर ते तोंड फिरवतील."

वरदाने अगदी हळू विचारलं, "फिरवलं?"

"नाही."

वरदाने पलंगाची दांडी दोन्ही हातांनी पकडली. "आणि मी? मी तिथेच होते ना, आई. तुझ्या पाठीमागे. तनूला वाढत होते. बाबा गेले तेव्हा माझे पण बाबा गेले. एक वर्ष मी दर शनिवारी येते, आणि तू त्यांच्याशी बोलतेस. खोकला आला की माझं बोलणं मध्येच सोडून जिन्याकडे बघतेस. एकदा तरी मला विचारलंस, वरदा, तू कशी आहेस? मला तर वाटायचं, त्या घरात भूत मीच आहे. तुला दिसतच नाही मी." आणि एवढी मोठी, चाळिशी ओलांडलेली बाई, वॉर्डातल्या सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागली.

मधुमतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. वर्षभरात असं नीट पाहिलंच नव्हतं. कानाशी केस पांढरे झाले होते, कधी झाले कोण जाणे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. कपाळ थेट गिरीशरावांचं, रडताना आठी पडायची तीसुद्धा त्यांचीच. आणि हे तोंड वर्षभर, दर शनिवारी, आपल्याकडेच होतं. आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. मधुमतीबाईंना आपली इतकी लाज वाटली की त्यांना पट्ट्यांचे हात तोंडावर घ्यावेसे वाटले. त्यांनी ते घेतले नाहीत. ते त्यांनी वरदाकडे केले.

वरदा येऊन त्यांच्या कुशीशी पलंगावर बसली. खिडकीच्या पडद्याच्या कडेला तपकिरी असं काहीतरी उभं होतं. मधुमतीबाईंना ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळत होतं. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. तिकडे न बघणं म्हणजे यांना सोडून देणं, हे त्यांना समजत होतं.

"मला घेऊन चल," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुझ्या घरी. इथून सोडलं की परस्पर."

वरदाने डोळे पुसत आईकडे पाहिलं. तिला आपण दिलेला शब्द आठवत होता, आणि आई शब्दाला किती पक्की ते ठाऊक होतं. "पण कावळा नाही शिवला ना, आई."

"न शिवू दे," मधुमतीबाई म्हणाल्या. "तू कालपासून काही खाल्लंयस का?"